विश्लेषण : ‘झालं ते विसरून जा’ म्हणून का भागत नाही? पीटीएसडी म्हणजे काय आणि त्यावर उपचार कसे होतात?

भूकंप, अपघात, बलात्कार, दंगल... प्रसंग संपतो, पण काहींच्या शरीराला तो संपल्याचं कळतच नाही. या आजाराला नाव आहे, त्याचं निदान होतं आणि त्यावर चांगले उपचारही आहेत. तरीही बहुतेक रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत. असं का होतं?

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली जमीन हादरली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरं होती. ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. वेगवेगळ्या नोंदींनुसार ८ ते १० हजार माणसं गेली. ५२ गावं पूर्ण उद्ध्वस्त झाली.

माझी आत्या त्या पट्ट्यातली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. शाळेत असताना सुट्टीत तिच्याकडे गेलो की एक गोष्ट मला कळायची नाही. पुनर्वसनात मिळालेलं पक्कं घर होतं, पंखा होता. पण आत्या मात्र अंगणात बाजेवर झोपायची. थंडीतही. पाऊस असला तर ओसरीत, पण दाराच्या आत नाही. रात्री रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला आणि घराची पत्र्याची पडवी थरथरली की ती ताडकन उठून बसायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, “आत झोपलं की छाती दाबल्यावानी होतंय, लेकरा.” घरातले म्हणायचे, तिची सवयच आहे तशी.

आत्याला कोणता आजार होता हे मी सांगू शकत नाही. तिला कधी कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही. पण अशा ‘सवयी’ अनेक घरांत असतात. अपघातानंतर गाडीला हात न लावणारा भाऊ, एका ठराविक रस्त्याने कधीच न जाणारी मैत्रीण, फटाका वाजला की पांढरेफटक पडणारे निवृत्त फौजी काका. यातल्या काहींच्या मागे जो आजार असतो, त्याचं नाव पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजेच पीटीएसडी. मराठीत त्याला आघातोत्तर ताण विकार म्हणतात.

पीटीएसडी म्हणजे नेमकं काय?

जिवावर बेतलेला, गंभीर इजा झालेला किंवा लैंगिक हिंसेचा प्रसंग माणसाने स्वतः भोगला, डोळ्यांसमोर घडताना पाहिला किंवा अगदी जवळच्या माणसावर ओढवला, तर त्यानंतर हा आजार होऊ शकतो. ऑफिसातला ताण, परीक्षेतलं अपयश किंवा ब्रेकअप यांचाही त्रास होतो, पण त्याला पीटीएसडी म्हणत नाहीत. सोशल मीडियावर हा शब्द हल्ली सैल वापरला जातो, म्हणून हा फरक लक्षात ठेवायला हवा.

मोठ्या प्रसंगानंतर पहिले काही दिवस झोप न लागणं, रडू येणं, दचकणं हे बहुतेकांना होतं. तो आजार नाही. ती शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. पहिल्या महिन्यात त्रास फारच तीव्र असेल तर डॉक्टर त्याला ‘अ‍ॅक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर’ म्हणतात. लक्षणं महिन्याहून जास्त काळ टिकली आणि रोजच्या जगण्यात, कामात, नात्यांत अडथळा आणू लागली, तर पीटीएसडीचं निदान होऊ शकतं. काहींमध्ये पूर्ण लक्षणं दिसायला सहा महिने किंवा त्याहून जास्त काळही जातो. त्यामुळे ‘तेव्हा तर अगदी खंबीर होता, आता काय झालं?’ या प्रश्नाला अर्थ नसतो.

लक्षणं कोणती?

डॉक्टर लक्षणांचे चार गट पाहतात.

पहिला गट, प्रसंग पुन्हा पुन्हा जगणं. नको असताना तीच दृश्यं समोर येतात, तीच स्वप्नं पडतात. काहींना ‘फ्लॅशबॅक’ येतो. त्यात गोष्ट नुसती आठवत नाही, ती आत्ता घडते आहे असंच वाटतं. वास, आवाज, अंगावरचा स्पर्श, सगळ्यासकट.

दुसरा गट, टाळाटाळ. ती जागा, ती माणसं, तो विषय, ते कपडेसुद्धा टाळले जातात. मनात विचार येऊ नये म्हणून माणूस सतत स्वतःला कामात, फोनमध्ये किंवा दारूत गुंतवून ठेवतो.

तिसरा गट, विचार आणि भावनांमधले बदल. ‘चूक माझीच होती’, ‘आता कुणावरच भरवसा ठेवता येणार नाही’ असं पक्कं वाटू लागतं. आनंदाच्या प्रसंगीही आत काही हलत नाही. प्रसंगातला महत्त्वाचा भाग आठवतच नाही.

चौथा गट, सततची सावधगिरी. झोप लागत नाही, लहानसहान गोष्टींवरून राग येतो, जरा आवाज झाला की दचकायला होतं, हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसावंसं वाटतं.

मुलांमध्ये हे वेगळं दिसू शकतं. लहान मूल बोलून दाखवत नाही. ते खेळात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करतं, अंथरूण ओलं करू लागतं किंवा आईला सोडतच नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. यातली बरीच लक्षणं ‘बाहेरची बाधा’ समजली जातात. रात्री किंचाळून उठणाऱ्या माणसाला आधी अंगारा लावला जातो, दवाखान्याचा विचार फार उशिरा होतो. काही जण छातीत धडधड, डोकेदुखी, पोटदुखी घेऊन एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरतात. ईसीजी नॉर्मल येतो. पण ‘तुमच्यासोबत काही घडलं होतं का?’ असं कुणी विचारतच नाही.

हे नाव आलं कुठून?

आजार जुना, नाव नवं. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले सैनिक थरथर कापत, बोलू शकत नसत. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. पण लष्कराच्या लेखी यातले बरेच जण भित्रे होते. त्या युद्धात पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने ३०० हून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही याच आजाराने ग्रासलेले असावेत, असं आज मानलं जातं. २००६ मध्ये ब्रिटनने कायदा करून ३०६ जणांना मरणोत्तर माफी दिली.

पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी हा प्रश्न लावून धरला. त्याच काळात, १९७० च्या दशकात, बलात्कारपीडित स्त्रियांवर काम करणाऱ्या अभ्यासकांना त्यांच्यातही तीच लक्षणं दिसत होती. अखेर १९८० मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने निदानाच्या अधिकृत यादीत पीटीएसडीचा समावेश केला. म्हणजे हा फक्त सैनिकांचा आजार कधीच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ असं वेगळं निदानही आहे. लहानपणीचं लैंगिक शोषण किंवा वर्षानुवर्षांची घरगुती मारहाण अशा दीर्घकाळ चाललेल्या आघातांनंतर तो आढळतो.

प्रत्येकाला होतो का?

नाही, आणि ही आशेची बाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा आघात करणारा प्रसंग येतो. त्यांपैकी फक्त ५.६ टक्के लोकांना पीटीएसडी होतो. जगाच्या एकूण लोकसंख्येत आयुष्यात कधीतरी हा आजार झालेल्यांचं प्रमाण ३.९ टक्के आहे.

धोका कुणाला जास्त? माणसानेच माणसावर केलेली हिंसा, विशेषतः लैंगिक हिंसा, अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीपेक्षा जास्त खोल परिणाम करते. स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. आधीचे आघात आणि आधीचा मानसिक आजार यांचाही वाटा असतो. आणि फार महत्त्वाचं म्हणजे, प्रसंगानंतर आजूबाजूच्या माणसांनी आधार दिला की दोष, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. म्हणजे शेजारी, नातेवाईक, पोलीस ठाण्यातला पहिला अधिकारी, यांचं वागणं हे आजाराच्या वाटचालीतलं एक कारण ठरू शकतं.

ज्यांचं कामच अशा प्रसंगांशी आहे, त्यांनाही हा धोका असतो. पोलीस, अग्निशमन जवान, रुग्णवाहिकेचे चालक, अपघात विभागातल्या परिचारिका, एनडीआरएफचे जवान. लोकलसमोर कुणी उडी मारताना पाहणारा आणि ब्रेक लावूनही गाडी थांबत नाही हे कळलेला मोटरमनसुद्धा.

मेंदूत काय बिघडतं?

मी इंजिनीअरिंग शिकलो, त्यामुळे मला हे सेन्सरच्या भाषेत लवकर समजलं. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका ओळखून तो अलार्म वाजवतो. मग हृदय जोरात धडधडतं, स्नायू ताठरतात, पळा किंवा लढा असा आदेश जातो. शेजारचा हिप्पोकॅम्पस हा भाग घटनेची जागा आणि वेळ नोंदवायला मदत करतो, म्हणजे हे कुठे घडलं, कधी घडलं, आणि आता ते संपलं आहे. कपाळामागचा भाग परिस्थिती तपासून अलार्म बंद करतो.

पीटीएसडीमध्ये अलार्म जास्त संवेदनशील होतो आणि तो बंद करणारी यंत्रणा कमी पडते. आठवणीवर जणू तारीख-वेळेचा शिक्का नीट बसत नाही. म्हणून ट्रकच्या आवाजाने जमीन किंचित हलली की शरीराला तो ट्रक वाटत नाही, पुन्हा भूकंपच वाटतो. बुद्धीला माहीत असतं की हा ट्रक आहे, पण शरीर तोवर घामाने भिजलेलं असतं. यात मनाचा कमकुवतपणा कुठेच नाही. घाबरू नको असं बजावून हा अलार्म बंद होत नाही.

मग ‘विसरून जा’ हा सल्ला का चुकतो?

या आजाराचं सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे टाळाटाळ. कारण ती लगेच आराम देते.

समजा, २६ वर्षांचा एक तरुण आहे. महामार्गावर त्याच्या दुचाकीला अपघात झाला, मागे बसलेला मित्र गेला. दोन महिन्यांनी तो दुचाकीजवळ गेला, छाती धडधडली, तो मागे फिरला. मागे फिरताच बरं वाटलं. मेंदूने यातून धडा घेतला की गाडीपासून लांब गेलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी वाढते. मग तो रस्ता टाळणं आलं, मग मित्राच्या घरच्यांना टाळणं आलं, मग बाहेर पडणंच बंद. गाडीजवळ थांबूनही काही होत नाही, भीती वर चढते आणि मग आपोआप उतरते, हे शिकायची संधी मेंदूला मिळतच नाही.

घरचे प्रेमापोटी नेमकी हीच टाळाटाळ वाढवतात. विषय काढू नका, फोटो लपवा, गाडी विकून टाका, त्याला गावी पाठवा. हेतू चांगला असतो. पण न बोललेली आठवण तशीच कच्ची राहते, आणि टाळाटाळीमुळे आजाराला वर्षानुवर्षं बळ मिळत राहतं. उपचाराचा गाभा याच्या बरोबर उलट आहे. विसरायचं नाही, तर सुरक्षित जागी, प्रशिक्षित माणसासोबत, बेताबेताने आठवायचं. इतकं की ती आठवण अखेर इतर दुःखद आठवणींसारखी, मागे पडलेली होईल.

उपचार कसे होतात?

पीटीएसडीवर सगळ्यात भक्कम पुरावा आघातावर केंद्रित मानसोपचारांचा आहे. त्यातले तीन प्रकार प्रमुख आहेत.

पहिला, प्रोलाँग्ड एक्स्पोजर. यात साधारण ८ ते १५ बैठका होतात. थेरपिस्ट आधी आजार समजावतात, श्वासाचा सराव शिकवतात. मग रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगतो. त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं असतं. सोबत टाळलेल्या गोष्टींची शिडी करतात. आपल्या तरुणासाठी ती अशी असू शकते: आधी पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर नुसतं बसायचं, मग गल्लीत कुणाच्या तरी मागे बसून एक फेरी, मग स्वतः चालवायची, शेवटी दिवसा त्या महामार्गावरून जायचं. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं. पहिले काही आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो. ही गोष्ट आधीच सांगितलेली असेल तर रुग्ण मध्येच सोडून जात नाही.

दुसरा, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. साधारण १२ बैठका. इथे भर असतो प्रसंगामुळे मनात घट्ट बसलेल्या वाक्यांवर. ‘मी गाडी चालवत होतो म्हणजे मीच त्याला मारलं.’ थेरपिस्ट हे वाक्य खोडत बसत नाहीत, ‘असा विचार करू नको’ असंही म्हणत नाहीत. प्रश्न विचारतात. ट्रक कुठल्या बाजूने आला? तुझ्याकडे किती सेकंद होते? तुझ्या जागी तुझा भाऊ असता तर त्याला तू काय म्हणाला असतास? हळूहळू दुःख राहतं, पण अपराधाचा दगड उतरतो.

तिसरा, ईएमडीआर. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये तो मांडला. रुग्ण आठवण मनात आणतो आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या बोटांच्या हालचालीबरोबर डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवतो. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण उपचाराचा उपयोग होतो याला पुरावा आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली आहे.

औषधांचं काय? नैराश्यावर दिली जाणारी काही औषधं पीटीएसडीतही उपयोगी पडतात. सर्ट्रालीन आणि पॅरोक्सेटीन ही त्यातली सर्वपरिचित नावं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून ती स्वतःहून अचानक बंद करायची नसतात. ती मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. झोपेसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या मात्र घातक ठरू शकतात. अल्प्राझोलमसारख्या बेंझोडायझेपीन गटातल्या गोळ्यांनी तात्पुरतं शांत वाटतं, पण सवय लागते आणि मूळ आजार तसाच राहतो. दारूचंही तेच. योग, प्राणायाम, व्यायाम यांनी झोप आणि ताण सुधारायला मदत होते. पण ते उपचारांच्या जोडीला आहेत, उपचारांऐवजी नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ४० टक्के रुग्ण वर्षभरात बरे होतात. मात्र अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत चारपैकी फक्त एकच रुग्ण कुठलाही उपचार घेतो.

प्रसंग नुकताच घडला असेल तर?

एकेकाळी असा समज होता की दुर्घटनेनंतर लगेच प्रत्येकाला बसवून सगळं सविस्तर बोलायला लावलं की आजार टळतो. याला ‘डीब्रीफिंग’ म्हणत. अभ्यासांत त्याचा फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रासच झाला. म्हणून आता ते करू नये असा सल्ला दिला जातो. मग वर सांगितलेल्या ‘आठवण्याच्या’ उपचाराशी हे विसंगत नाही का? नाही. तो उपचार आजार जडलेल्यांसाठी आहे, ठरवून, टप्प्याटप्प्याने केलेला. ताज्या जखमेवर कॅमेरा आणि माईक धरून ‘तुम्हाला काय वाटतंय?’ असं विचारणं हा उपचार नाही. आमच्या पेशाने हे लक्षात ठेवायला हवं.

त्याऐवजी ‘मानसिक प्रथमोपचार’ सुचवले जातात. पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, त्याला पाणी, पांघरूण, औषध हवं आहे का, ते पाहायचं. तो बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर उकरायचं नाही. त्याच्या माणसांशी आणि पुढच्या मदतीशी त्याची गाठ घालून द्यायची. हे करायला डॉक्टर असावं लागत नाही. थोडं प्रशिक्षण घेतलेली आशाताई, शिक्षक, गणेश मंडळाचा कार्यकर्ता, कुणीही हे करू शकतो.

व्हिडीओ पाहूनही त्रास होतो का?

२०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्याच्या बातम्या, दृश्यं पाहणाऱ्यांमध्ये, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही तीव्र ताणाची लक्षणं जास्त आढळली, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. घरबसल्या पाहिलेल्या व्हिडीओमुळे सहसा पीटीएसडीचं निदान होत नाही, पण ताण खराच असतो. कामाचा भाग म्हणून अशी दृश्यं सतत पाहावी लागणाऱ्यांच्या बाबतीत मात्र निदानाचे निकष तो आघात मोजतात.

डिजिटल डेस्कवर आमच्याकडे अपघातांचे कच्चे, धूसर न केलेले व्हिडीओ येतात. एका अपघाताचा व्हिडीओ मी कापण्यासाठी दहा-बारा वेळा पाहिला होता. पुढचे कितीतरी दिवस दुचाकीवर सिग्नलला थांबलो की मागून येणाऱ्या गाडीचा आवाज पोटात गोळा आणायचा. माझा त्रास आपोआप गेला. आता आवाज बंद करून, छोट्या चौकटीतच पाहायचं, असं आम्ही ठरवलं आहे. तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर असे व्हिडीओ येत असतील तर ऑटो-डाउनलोड बंद करा. आणि पुढे पाठवण्याआधी एवढं लक्षात घ्या की त्या ग्रुपवर कुणीतरी तशाच प्रसंगातून गेलेलं असू शकतं.

किल्लारीने काय शिकवलं?

भूकंपानंतर घरं बांधली, रस्ते झाले, जागतिक बँकेच्या मदतीने देशातला एक मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. मनाचा हिशेब मात्र फार थोड्यांनी मांडला. लातूर भूकंपातून वाचलेल्यांवर भारतीय डॉक्टरांनी केलेला एक छोटा अभ्यास १९९६ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मानसिक आजार आढळला. त्यात पीटीएसडी आणि नैराश्य प्रमुख होते.

त्यानंतर ओडिशाचं चक्रीवादळ, भुजचा भूकंप, त्सुनामी या आपत्तींमध्ये बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन मानसिक आधाराचं काम उभं केलं. २००९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कागदावर व्यवस्था आली. पण २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हाही पहिल्या दिवसांतली बहुतेक चर्चा ढिगारा, मृतांचा आकडा आणि मदतीची रक्कम यांचीच होती. खरी गरज सहाव्या महिन्यात, वर्षश्राद्धाला, पुढच्या पावसाळ्यात लागते. तेव्हा कॅमेरेही नसतात आणि समुपदेशकही.

मदत कुठे मिळेल?

‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन २४ तास चालू असते. क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं. कोणताही मोबाइल चालतो, स्मार्टफोन लागत नाही. पुढच्या उपचारांसाठी कुठे जायचं तेही तिथून कळतं. जिवाला तातडीचा धोका असेल, आत्महत्येचे विचार येत असतील तर माणसाला एकटं सोडू नका, ११२ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो, म्हणजे गेलात की दाखलच करून घेतात असं नाही. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर असतात, ते औषधं देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका. ‘तुम्ही पीटीएसडीसाठी कोणती थेरपी करता, किती बैठका लागतील?’ हे दोन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. याच कायद्याच्या कलम २१ नुसार आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यायला हवं. पॉलिसीत नेमकं काय बसतं, विशेषतः दाखल न होता घेतलेल्या थेरपीचा खर्च, ते मात्र आधी लेखी विचारून घ्या.

घरच्यांनी काय करावं?

‘तू तर वाचलास, नशीब समज’, ‘इतकी वर्षं झाली आता’, ‘त्यांचं बघ, त्यांचं तर सगळं घर गेलं’ ही वाक्यं टाळा. त्यांनी माणूस गप्प होतो, बरा होत नाही.

फ्लॅशबॅक आला तर मागून धरू नका, हलवू नका. समोर या, शांत आवाजात आपलं नाव सांगा. आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, ते सांगा. पाय जमिनीवर टेकवायला, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. दिवाळीत फटाके, गणपतीत ढोल-डीजे असणार असेल तर आधीच कल्पना द्या. त्या प्रसंगाची तारीख जवळ आली की चिडचिड वाढू शकते, हे लक्षात ठेवा. उपचारासाठी बळजबरी नको. ‘पहिल्या वेळी मी सोबत येतो’ हे वाक्य बहुतेकदा जास्त उपयोगी पडतं. आणि स्वतःचीही काळजी घ्या. अशा माणसाबरोबर राहणं सोपं नसतं.

या लेखासाठी वाचन करताना मी आत्याला फोन केला. ‘त्या रात्रीचं सांगशील का?’ असं विचारायचं मनात होतं. पण तो प्रश्न मी विचारला नाही. फोनवर, लेखासाठी, असं ते विचारायचं नसतं, हे आता मला कळतं. मी एवढंच म्हणालो की तिला आत झोपताना छाती दाबल्यासारखं होतं, त्याला नाव आहे, डॉक्टर आहेत, आणि या वयातही उपचारांचा उपयोग होतो.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “इतकी वर्षं मला वाटायचं, मीच येडी हाय.”

पुढच्या महिन्यात मी गावी जाणार आहे. लातूरच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, ते विचारून ठेवलंय. ती येईल की नाही, माहीत नाही. सोबत मी जाणार, एवढं नक्की.